घालता-काढता येणाऱ्या कार्डांचा ड्रायव्हर : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळासाठी लिहीत असलेल्या संगणक-मॉडचा (मॉड म्हणजे खेळात भर घालणारा जोड-प्रोग्राम) गाभा आता चालतोय. केस, म्हणजे संगणकाची पेटी, ठेवली, वीज दिली की लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू होते आणि पडद्यावर प्रॉम्प्ट येतो. आता केसमध्ये बसवायचे सुटे भाग हवेत: रेडस्टोन (खेळातले विजेसारखे संकेत) कार्ड, नेटवर्क कार्ड, डिस्क, मेमरी. हे सगळे मीच लिहीत बसलो तर मॉड माझ्यापुरताच राहील. दुसऱ्या कुणालाही आपल्या मॉडमधली वस्तू माझ्या केसमध्ये बसवता आली पाहिजे आणि त्यासाठी माझ्या कोडला हात लावायची वेळ येऊ नये. ते दार म्हणजे ड्रायव्हरचा इंटरफेस: ड्रायव्हर म्हणजे वस्तूची माझ्या मॉडशी ओळख करून देणारा कोड, आणि इंटरफेस म्हणजे त्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची याचा करार. इतरांनी एकदा त्यावर कोड लिहिला की तो बदलणं म्हणजे त्यांचं काम मोडणं. म्हणून कार्डांच्या आधी हा करार पक्का करायचा.

लक्ष्य ठरलेलं आहे: माइनक्राफ्ट १.२१.१, निओफोर्ज (खेळात मॉड चढवणारी यंत्रणा), जावा २१ (मॉड लिहायची भाषा).

८ जून

अशाच संगणक-मॉडची आधीची दोन मोठी कामं वाचून काढतोय. कॉम्प्युटरक्राफ्ट २०११ पासूनचं. त्यात संगणकाला जोडायची साधनं बहुतेक शेजारी ठेवलेले ब्लॉक असतात. पेटी उघडून आत कार्ड घालायची कल्पना त्यात नाही. ती ओपनकॉम्प्युटर्सची, २०१३ पासून. त्याचा कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे वाचायला मोकळीक आहे.

ओपनकॉम्प्युटर्सचा वस्तूंसाठीचा ड्रायव्हर अगदी छोटा आहे, आणि तेच मला भावलं. ही वस्तू तुझी का? ती कोणत्या खाचेत बसते, कार्डाच्या, डिस्कच्या की मेमरीच्या? तिचा दर्जा काय? तिची माहिती कुठे साठवायची? आणि शेवटचं, ती बसवली की तिचं चालतं रूप घडवून दे. या चालत्या रूपाला तिथे ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. लुआला दिसणाऱ्या मेथड (नावाने हाक मारून चालवायचे कोडचे तुकडे) त्यावर असतात, ड्रायव्हरवर नसतात.

ही फाळणी जशीच्या तशी घेणार आहे. ड्रायव्हर संपूर्ण खेळात एकच असतो आणि त्याला स्वतःची काहीही स्थिती नसते. कार्ड दहा केसमध्ये असेल तर चालती रूपं दहा, ड्रायव्हर एकच. ड्रायव्हरच्या क्लासमध्ये (त्याच्या जावा कोडच्या साच्यात) एखादं बदलणारं फील्ड, म्हणजे किंमत साठवायची जागा, दिसलं की समजायचं, दहा संगणक आता एकमेकांच्या पायात पाय घालणार.

१० जून

पहिले तीन प्रश्न (वस्तू कुणाची, खाच कोणती, दर्जा काय) खेळाडूच्या बाजूलाही विचारले जातात. केसची खिडकी उघडून कार्ड खाचेवर नेलं की ते बसेल की नाही हे तिथल्या तिथे कळलं पाहिजे. त्या क्षणी जग, जागा, सर्व्हर यांतलं काहीच हाताशी असेल असं धरता येत नाही. म्हणून या तिन्ही मेथडना फक्त वस्तू आणि यजमानाचा (कार्ड ज्यात बसतं त्या केसचा किंवा रोबोटचा) प्रकार द्यायचा. प्रत्यक्ष यजमान द्यायचाच नाही, फक्त त्याचा क्लास. ओपनकॉम्प्युटर्सनेही ‘हे कार्ड फक्त रोबोटमध्येच चालेल’ असं सांगायला हीच सोय ठेवलेली आहे. पहिल्यांदा वाचताना मला ते आडवळणाचं वाटलं होतं. खिडकीचा कोड लिहायला घेतल्यावर पटलं.

चालतं रूप घडवायचं काम फक्त सर्व्हरवर. तिथे खरा यजमान मिळतो.

१४ जून

करार कागदावर छान दिसतो. तो तपासायला खरं कार्ड हवं, आणि तेही साधंसुधं नको. कराराच्या प्रत्येक कोपऱ्याला धक्का लावणारं. पर्जन्यमापक कार्ड निवडलं. काम एकच: संगणकावर पाऊस पडतोय का ते सांगणं.

वाटतं तितकं ते सोपं नाही. माइनक्राफ्टमध्ये ‘पाऊस चालू आहे’ ही साऱ्या जगाची स्थिती असते, पण वाळवंटात तेव्हाही थेंब पडत नाही आणि बर्फाळ प्रदेशात हिम पडतं. डोक्यावर छप्पर असेल तर पाऊस नाहीच. या सगळ्या अटी पाहून उत्तर देणारी मेथड खेळातच आहे. तिला जागा द्यायची की ती हो किंवा नाही सांगते. पण केसची स्वतःची जागा दिली तर उत्तर कायम ‘नाही’, कारण केस हा भरीव ब्लॉक आहे आणि त्याच्या आत आकाश दिसत नाही. केसच्या वरच्या ब्लॉकची जागा द्यावी लागते.

आणि हे कार्ड केसऐवजी रोबोटमध्ये असलं तर? रोबोट चालतो. टॅब्लेटमध्ये असलं तर खेळाडूबरोबर हिंडतं. म्हणजे कार्डाने जन्माच्या वेळी जागा विचारून जपून ठेवायची सोय उरत नाही. दर वेळी यजमानालाच विचारायला हवं, ‘तू आत्ता कुठे आहेस?’ यजमानाच्या इंटरफेसमध्ये म्हणून तीनच गोष्टी ठेवल्या: कोणतं जग, आत्ताची जागा, आणि ‘माझ्यात बदल झालाय, जतन कर’ असं कळवायची मेथड. यापेक्षा जास्त दिलं की कार्ड लिहिणारे केसच्या पोटात हात घालायला लागतील आणि तेच कार्ड रोबोटमध्ये चालणार नाही.

१५ जून

थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचा, प्रश्न. माझ्या मते या कामातला सगळ्यांत नाजूक.

खेळाचं जग एका मुख्य थ्रेडवर चालतं, सेकंदाला २० टिक (खेळाचे ठोके), म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. लुआ वेगळ्या थ्रेडवर चालते. नाहीतर कुणाच्या तरी न संपणाऱ्या लूपने सगळा सर्व्हर थिजेल. मग लुआने ‘पाऊस आहे का?’ विचारलं की जावाची मेथड कोणत्या थ्रेडवर चालवायची?

मुख्य थ्रेडवर चालवली तर सुरक्षित, पण लुआला पुढच्या टिकपर्यंत थांबावं लागतं. लूपमध्ये शंभरदा विचारलं तर पाच सेकंद गेले. संगणकाच्याच थ्रेडवर चालवली तर लगेच उत्तर, पण तिथून जगाला हात लावता येत नाही. नेमकं काय होतं ते खेळाच्या कोडमध्ये उतरून पाहिलं. सर्व्हरवर दुसऱ्या थ्रेडवरून जमिनीचा तुकडा मागितला की खेळ ते काम मुख्य थ्रेडच्या रांगेत टाकतो आणि विचारणाऱ्याला उत्तर येईपर्यंत थोपवून धरतो. नेमका त्याच वेळी मुख्य थ्रेड संगणक थांबण्याची वाट पाहत असेल, तर दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. सर्व्हर मेला, आणि लॉगमध्ये कार्डाचं नावसुद्धा नाही.

गंमत म्हणजे दोन्ही जुन्या मॉडनी याची उत्तरं नेमकी उलटी दिली आहेत. ओपनकॉम्प्युटर्समध्ये काहीच सांगितलं नाही तर मेथड मुख्य थ्रेडवर चालते. लगेच चालवायची असेल तर ॲनोटेशनमध्ये (मेथडवर चिकटवायच्या खुणेत) तसं लिहावं लागतं. सीसी: ट्वीक्ड, म्हणजे कॉम्प्युटरक्राफ्टचा आजचा वारसदार, काहीच सांगितलं नाही तर संगणकाच्या थ्रेडवर चालवतो आणि मुख्य थ्रेड हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो.

मी ओपनकॉम्प्युटर्सच्या बाजूने. कार्ड लिहिणारा नवखा असेल आणि त्याने काहीच लिहिलं नाही, तर फार तर त्याचं कार्ड संथ चालेल. दुसऱ्याचा सर्व्हर पडणार नाही. वेग हवा असलेल्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर मागावा.

१६ जून

कालचाच धागा. लगेच चालणाऱ्या मेथडला मर्यादाही हवी, नाहीतर एक संगणक एका टिकमध्ये लाखभर वेळा हाक मारत राहील. ओपनकॉम्प्युटर्सची पद्धत सुबक आहे: प्रत्येक संगणकाला दर टिकला ठरावीक खर्ची मिळते, प्रत्येक थेट (लगेच चालणाऱ्या) हाकेची किंमत त्यातून वजा होते, आणि खर्ची संपली की संगणक पुढच्या टिकपर्यंत गप्प. चूक म्हणून काही परत येत नाही, प्रोग्राम फक्त थोडा थांबतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे कळतही नाही, आणि तसंच असायला हवं.

पर्जन्यमापकासाठी मात्र तिसरा रस्ता काढला. चालत्या रूपाला दर टिकला मुख्य थ्रेडवर जाग येते. त्यात दर २० टिकला एकदा पाऊस तपासायचा आणि उत्तर एका व्होलटाइल फील्डमध्ये (एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं अशा) ठेवायचं. लुआची हाक आली की ते फील्ड वाचून लगेच परत. हाक थेट, जगाला स्पर्श नाही, आणि उत्तर फार तर एक सेकंद शिळं. माइनक्राफ्टमधल्या पावसासाठी तेवढं चालतं. वर, उत्तर बदललं की संगणकाला सिग्नल पाठवायचा, म्हणजे प्रोग्रामला सतत विचारत बसायची गरजच नाही.

ही मांडणी इतकी कामाची आहे की नमुना म्हणून एपीआयच्या (इतरांनी वापरायच्या इंटरफेसच्या) दस्तऐवजात पहिलंच उदाहरण हेच देणार.

२१ जून

माहिती कुठे साठवायची, हा प्रश्न. इथे जुना करार जसाच्या तसा घेता येत नाही.

ओपनकॉम्प्युटर्सच्या काळात वस्तूला एनबीटी टॅग (खेळाचा माहिती साठवायचा साचा) चिकटलेला असे. ड्रायव्हर त्या टॅगमधला आपला कप्पा काढून द्यायचा आणि चालतं रूप त्यात हवं ते लिहायचं. १.२०.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, वस्तूवरची एनबीटी गेली आणि तिच्या जागी डेटा कंपोनंट आले. हे बदलता येत नाहीत. नवीन किंमत बनवून जुनीच्या जागी ठेवायची. म्हणून ‘हा कप्पा घे आणि लिही’ हे आता शक्य नाही.

सुरुवातीला वाईट वाटलं, पण विचार केल्यावर नवी पद्धत मला अधिक आवडली. चालतं रूप आता एकच काम करतं: विचारलं की आपला ठसा देतं. ठसा म्हणजे जावाचा एक रेकॉर्ड, न बदलणारा. बसवताना तोच ठसा घडवणाऱ्या मेथडला परत मिळतो. कार्ड मध्येच वस्तूवर काहीतरी अर्धवट लिहून ठेवेल, ही शक्यताच उरली नाही.

हा ठसा कधी घ्यायचा? दर बदलाला नाही. वस्तूवरचा कंपोनंट बदलला की खिडकी उघडून बसलेल्या प्रत्येक खेळाडूला ती खाच पुन्हा पाठवली जाते, आणि टॅब्लेट हातात असेल तर तो हातात उचकल्यासारखा हलतो. ठसा दोनच वेळी: जग जतन होताना आणि कार्ड बाहेर निघताना.

आणखी एक गोष्ट दस्तऐवजात ठळक लिहायची: डिस्कवर जतन होणारा कंपोनंट खेळाडूच्या बाजूलाही पोचतो, त्यासाठी वेगळं काही सांगितलं नसलं तरी. म्हणून ठशात मोठं काही ठेवू नये आणि गुप्त काही तर नकोच. डिस्क कार्डातल्या फायली जगाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, ठशात फक्त त्यांची किल्ली.

२२ जून

पत्ते. प्रत्येक बसवलेल्या भागाला एक यूयूआयडी (सहसा दुसऱ्या कशाशीही न जुळणारा लांब क्रमांक) पत्ता मिळतो आणि लुआ त्याच पत्त्याने हाक मारते. पत्ता ठशातच राहतो, म्हणजे कार्ड एका केसमधून काढून दुसऱ्यात घातलं तरी ओळख तीच.

तो द्यायचा केव्हा? कार्ड बनतानाच दिला तर प्रत्येक नवं कोरं कार्ड वेगळं ठरेल आणि सामानाच्या पेटीत ती एकावर एक रचली जाणार नाहीत. पहिल्यांदा बसवताना द्यायचा.

२८ जून

भाचा सर्व्हरवर खेळायला येतो. आज त्याने विचारलं, “मामा, प्रोग्राम चालू असतानाच कार्ड ओढून काढलं तर?” आणि उत्तराची वाट न पाहता ओढलंच.

कागदावर हे ठरलेलं होतं, आज ते डोळ्यांसमोर घडलं म्हणून क्रम नीट लिहून ठेवतो. खाचेतून वस्तू निघायच्या आधी नव्या हाका बंद. चालू असलेली थेट हाक संपू द्यायची. ती संपेपर्यंत थांबणारा हा मुख्य थ्रेड असतो, आणि १५ तारखेचा अडकण्याचा धोका नेमका इथला. थेट मेथडने जगाला हात लावायचा नाही हा नियम म्हणूनच सक्तीचा. मग ठसा घेऊन वस्तूवर लिहायचा. मग नेटवर्कमधून तोडायचं. सगळ्यात शेवटी संगणकाला सिग्नल: या पत्त्याचा, या नावाचा भाग गेला.

हे सगळं केसच्या साठ्यात बसवायचं, खिडकीच्या कोडमध्ये नाही. कारण कार्ड हॉपरनेही (वस्तू आपोआप ओढणाऱ्या ब्लॉकनेही) ओढून काढता येतं आणि तिथे खिडकी उघडलेलीच नसते.

आणि लुआकडे त्या कार्डाची जुनी प्रॉक्सी (कार्डाच्या वतीने हाका पोचवणारं रूप) राहिली असेल तर? ती हाक मारेल आणि तिला ‘असा भाग नाही’ ही चूक मिळेल. लुआच्या हातात जावाचं ऑब्जेक्ट कधीच द्यायचं नाही. फक्त पत्ता द्यायचा आणि प्रत्येक हाकेला तो नव्याने शोधायचा. शोधायला पत्त्यांच्या नोंदवहीतला एक शोध लागतो, म्हणजे जवळपास काहीच नाही.

२९ जून

कालच्या निर्णयाचा दुसरा फायदा आज मिळाला. ओपनकॉम्प्युटर्स एरिस नावाच्या लायब्ररीने चालू लुआ प्रोग्रामची पूर्ण स्थिती जतन करतं. जग पुन्हा उघडलं की प्रोग्राम जिथे होता तिथून पुढे चालतो. कॉम्प्युटरक्राफ्टमध्ये संगणक नव्याने सुरू होतो. मला पहिली वाट हवी आहे. जतन करायच्या लुआ स्थितीत जावाचं ऑब्जेक्ट असतं तर ते कसं लिहायचं हे मोठं दुखणं झालं असतं. आता तिथे फक्त पत्त्यांच्या स्ट्रिंग आहेत.

जग उघडताना मात्र संगणकाने पुढे चालायच्या आधी हजेरी घ्यायची: जतन करताना जे पत्ते होते ते सगळे आले का? न आलेल्यांसाठी ‘गेला’चा सिग्नल, आणि लॉगमध्ये ड्रायव्हरच्या नावासह इशारा. लिहिणाऱ्याला कळायला हवं की त्याचं कार्ड आपला पत्ता परत आणत नाहीये.

५ जुलै

क्रिएटिव्ह मोडमध्ये (हवी ती वस्तू आयती मिळते त्या खेळप्रकारात) वस्तूची हुबेहूब नक्कल करता येते, ठशासकट. म्हणजे एकाच पत्त्याची दोन कार्डं. नेटवर्कमध्ये तो पत्ता आधीच असेल तर नंतर येणाऱ्याला नवा पत्ता द्यायचा. डिस्कच्या फायलींची किल्ली पत्त्यापासून वेगळी ठेवली आहे ती याचसाठी. नाहीतर नव्या पत्त्याबरोबर फायली हरवल्या असत्या. दोन नकला एकच किल्ली वापरत असतील तर दुसरी फक्त वाचनासाठी उघडायची.

६ जुलै

नावं. पर्जन्यमापक लुआला ‘रेन’ या नावाने दिसतो. दोन वेगळ्या मॉडनी एकच नाव दिलं तर? अडवायचं नाही, असं ठरवलं. नाव म्हणजे ‘मी या मेथड देतो’ एवढंच सांगणं. उद्या कुणी आपलं रेडस्टोन कार्ड आणलं आणि त्याच मेथड दिल्या, तर त्याने ‘रेडस्टोन’ हेच नाव घ्यावं, म्हणजे आधी लिहिलेले प्रोग्राम तसेच चालतील. बनवणाऱ्याचं नाव वेगळ्या माहितीत मिळेलच.

एकाच वस्तूवर दोन ड्रायव्हरांनी दावा केला तर आधी नोंदवलेला जिंकेल, आणि लॉगमध्ये दोघांची नावं.

१२ जुलै

चुका कशा कळवायच्या. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आकड्याच्या जागी स्ट्रिंग दिली तर लुआची नेहमीची चूक फेकायची, आर्ग्युमेंटच्या क्रमांकासह. हा क्रमांक लुआच्या रीतीने १ पासून, जावाच्या ० पासून नाही; प्रोग्राम लिहिणाऱ्याला जावा दिसताच कामा नये. पण टँक रिकामा आहे, रेंज पुरत नाही, असल्या खेळातच घडणाऱ्या गोष्टींसाठी निल (लुआतलं ‘काहीच नाही’) आणि कारण परत द्यायचं. या दोन्हींची गल्लत झाली की प्रत्येक हाक पी-कॉलमध्ये (चूक झेलणाऱ्या लुआच्या सोयीत) गुंडाळावी लागते आणि प्रोग्राम वाचणं नकोसं होतं.

मेथडची माहितीही ॲनोटेशनमध्येच, म्हणजे खेळात बसून वाचता येईल. ती मराठीत द्यायची फार इच्छा आहे. पडदा मात्र चौकटींचा आहे, एका चौकटीत एक अक्षर. वेलांट्या आणि जोडाक्षरं त्यात सुटी पडतात. अक्षरांची जुळणी करून मग चौकटीत मांडणारा भाग लिहावा लागेल. तो पडद्याचा प्रश्न आहे, ड्रायव्हरचा नाही, म्हणून वेगळ्या यादीत टाकला. सोडून दिलेला नाही.

१९ जुलै

एपीआयची वेगळी जार (जावा कोडचं गाठोडं) काढली. आत फक्त इंटरफेस, ॲनोटेशन आणि रेकॉर्ड. माझ्या मॉडचा एकही क्लास नाही. रोबोटचा भाग लिहिणाऱ्या मित्राला एवढीच जार दिली आणि म्हटलं, “यावर घंटा कार्ड लिहून बघ. मूळ कोड उघडू नकोस.”

२० जुलै

मित्राचं कार्ड चाललं. केसमध्ये वाजलं, रोबोटमध्ये वाजलं, टॅब्लेटमध्ये वाजलं. त्याची एकच तक्रार होती: “दर टिकला जाग येण्याची मला गरजच नाही, तरी ती रिकामी मेथड का लिहायची?” बरोबर बोलला. ती डीफॉल्ट मेथड (न लिहिली तरी चालणारी) केली, आणि ज्यांनी ती लिहिलेली नाही त्यांना टिकच्या यादीतच घ्यायचं नाही. मोठ्या सर्व्हरवर शेकडो कार्डं असतील; त्यांतल्या बहुतेकांना दर ५० मिलिसेकंदांनी उठवायचं कारण नाही.

आवृत्ती ०.१ म्हणून करार आज गोठवला. यापुढे नवी मेथड आली तर ती डीफॉल्टसहच येईल, आणि असलेलीचं नाव बदलणार नाही. पुढची नोंद नेटवर्क कार्डाची.